बाद कार्डांचा डबा

लिथियम फ्लोराइड दिसायला पिठीसाखरेसारखं. केंद्रात नवीन मुलगी कामाला लागली की मी आधी बरणी दाखवून तिला बजावायची, बाई, हे जिभेला लावायचं नाही, विष आहे. मग पुढचं शिकवायची. इनॅमलच्या भांड्यांवर, काचेच्या भट्टीत, ॲल्युमिनियमच्या कारखान्यात ही पावडर पोत्यांनी जाते, कारण ती घातली की बाकीचा माल लवकर वितळतो. आता कोकणात वितळलेल्या मिठावर चालणारी अणुभट्टी झाली आहे, त्या मिठातही हीच. आमच्याकडे मात्र ती चमच्याने यायची आणि काम अगदी वेगळं करायची.

मी पद्मावती मगदूम. वय चौसष्ट. सांगलीच्या किरणमात्रा केंद्रात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची चौदा मुख्य वाचक म्हणून. मी फटकळ आहे. मगदूमबाई कुणाचं ठेवून घेत नाहीत, तोंडावर बोलतात, असा माझा लौकिक आहे आणि मलाही तो आवडायचा. हे वाचून झालं की तो राहणार नाही. राहू नयेच.

किरणांजवळ काम करणाऱ्या माणसाच्या छातीवर एक बॅज असतो. त्यात एक कार्ड, आणि कार्डात या पावडरीच्या तीन पातळ चकत्या, टेफ्लॉनमध्ये दाबून बसवलेल्या. एकीवर धातूची पट्टी, एकीवर प्लास्टिक, एक उघडी. पावडरीत मॅग्नेशियम आणि टायटॅनियमची अगदी कणभर मिसळ असते. त्यामुळे स्फटिकात बारीक बारीक खड्डे तयार होतात. किरण आला की इलेक्ट्रॉन जागेवरून उडतो आणि त्यातला एखादा अशा खड्ड्यात जाऊन पडतो. तिथेच पडून राहतो, महिनेच्या महिने. तीन महिन्यांनी कार्ड आमच्याकडे येतं, आम्ही ते तापवतो, इलेक्ट्रॉन खड्ड्यातून वर येतात आणि येताना मिणमिणता उजेड देतात. उजेड जितका जास्त, तितकी त्या माणसाला किरणांची मात्रा जास्त. एकदा तापवलं की कार्ड कोरं. पुन्हा वाचायची सोय नाही. म्हणून वाचणाऱ्याने लिहिलेला आकडा हाच शेवटचा शब्द.

असं आम्ही समजत होतो.

मार्चमधल्या एका दुपारी माझी भाची सन्मती आली. माझ्या धाकट्या बहिणीची, रोहिणीची, एकुलती एक मुलगी. पुण्यातल्या एका संस्थेत शास्त्रज्ञ आहे. आली ती पायातल्या चपला दारात भिरकावून थेट स्वयंपाकघरात.

"मावशी, आधी ताक दे, मग एक मागणं आहे."

"मागणं आधी सांग, ताक कुणालाही देते मी."

"तुमच्या केंद्रातली बाद कार्डं तू घरी आणली होतीस ना? आई म्हणत होती, बिस्किटांच्या डब्यात आहेत."

माझ्या हातात ताकाचं भांडं होतं. ते मी खाली ठेवलं.

बाद कार्डं म्हणजे ज्यांनी एकदा फार मोठी मात्रा खाल्ली अशी. ती कितीही तापवली तरी पूर्ण कोरी होत नाहीत, तळाशी काहीतरी राहतंच, पुढच्या माणसाचं माप चुकतं. म्हणून ती पुन्हा वापरायची नाहीत, असा नियम. सहा वर्षांपूर्वी केंद्र बंद झालं तेव्हा बाकीचं सामान भंगारात गेलं आणि हा डबा मी उचलून घरी आणला. कशाला आणलास, असं रोहिणीने विचारलं होतं. जुन्या कामाची आठवण, म्हणाले होते.

सन्मती ओट्यावर चढून बसली आणि सांगू लागली. तळाशी जे राहतं ना, तेच आता वाचता येतं. खोल खड्डे असतात, तुमच्या यंत्राच्या तीनशे अंशांना न दबणारे. त्यांच्यावर थंडीत अतिनील उजेड टाकला की खोलातले इलेक्ट्रॉन वरच्या उथळ खड्ड्यांत येतात. मग थोडंसं तापवायचं. एकदा वाचून पुसलेलं कार्ड पुन्हा उजळतं. आणि त्यांचं यंत्र नुसता आकडा देत नाही, चकतीचा फोटो काढतं, कणाकणाचा.

"फोटोचं काय करायचंय?" मी विचारलं. आवाज बरा निघाला.

"सावली बघायची. बॅज नुसता कुठेतरी ठेवलेला असेल तर किरण एकाच बाजूने येतात. मग धातूच्या पट्टीची कड चकतीवर स्वच्छ उमटते, दुपारच्या उन्हात खांबाची उमटते तशी. आणि बॅज माणसाच्या अंगावर असेल तर माणूस वाकतो, वळतो, चालतो. कड पुसट होते. म्हणजे बॅज राहिला होता की लावलेला होता, हे बावीस-पंचवीस वर्षांनीसुद्धा सांगता येईल."

कोकणातल्या भट्टीसाठी हजारो माणसं घ्यायची होती. प्रत्येकाची जन्मभराची मात्रा तपासून घ्या, असा नवा कायदा आला होता, आणि जुन्या नोंदींत फार गोंधळ होता. म्हणून हा खटाटोप.

"डबा माळ्यावर आहे," मी म्हणाले. "उद्या काढून ठेवते. आज माझी कंबर धरलीय."

कंबर ठणठणीत होती. ती गेल्यावर मी दार लावलं, स्टुलावर चढले आणि डबा काढला. एकेचाळीस कार्डं. त्यातलं एक उचलून मी देवघराच्या खणात, पूजेच्या पुस्तकांखाली ठेवलं. पुस्तकांना हात लावताना लाज वाटली, तरी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सन्मतीला चाळीस कार्डं दिली.

ते एकेचाळिसावं कार्ड तिच्या वडिलांचं होतं.

नेमिनाथराव चौगुले. उंच, हडकुळा, अतिशय सोशिक माणूस. बॉयलरच्या वेल्डचे किरणांनी फोटो काढणाऱ्या एका तपासणी कंपनीत ते होते. नोकरी मीच शब्द टाकून लावून दिली होती. शिशाच्या पेटीतून किरणोत्सारी इरिडियमचा दाणा केबलने नळीतून बाहेर न्यायचा, वेल्डपाशी थांबवायचा, फिल्म झाली की परत आत ओढायचा, असं ते काम. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या कार्डाचा आकडा माझ्यासमोर आला तेव्हा मला वाटलं यंत्र बिघडलं. एकशे शहाऐंशी. वर्षभराची मर्यादा तिसाची.

मी त्याच संध्याकाळी मिरजेला रोहिणीच्या घरी गेले. ती आत उप्पीट करत होती. बाहेरच्या खोलीत नेमिनाथराव सन्मतीच्या पाटीवर बेरजा घालत बसले होते. पोरीला खेळायला पिटाळलं आणि त्यांना हळूच विचारलं.

"दाणा नळीत अडकला होता, अक्का," ते म्हणाले. "केबल ओढून येईना. कुणीतरी जवळ जाऊन सोडवायला पाहिजेच की. तीन-चार मिनिटं लागली असतील."

"बॅज कुठे होता?"

"छातीवर. लावल्याशिवाय मी जातच नाही. तुम्हीच सांगितलंय."

आता इथे एक पद्धत सांगितली पाहिजे, आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला ती माहीत नसते. मोठा आकडा आला की चौकशी होते. मात्रा खरी ठरली तर माणसाला किरणांच्या कामावरून काढतात, रक्त तपासतात, कंपनीला जाब विचारतात. पण बॅज चुकून दाण्याजवळ राहिला, माणूस तिथे नव्हताच, असं लिहून आलं तर मात्रा खोटी ठरते आणि फाइल बंद. या पत्राचा एक मायना होता. तो सगळ्यांना पाठ होता, कारण तो मी सांगायची. फोनवरून, केंद्राच्या दारात, कधी चहाच्या टपरीवर. कामगार घाबरलेले असायचे, काम जाईल म्हणून. मी म्हणायची, लिही रे, मी सांगते. त्यांना मी देवमाणूस वाटायची. मलाही वाटायची.

आणि अजून एक. त्याच महिन्याच्या अखेरीला माझा सत्कार होता. जिल्ह्यात सलग सात वर्षं एकही खरी अतिमात्रा नाही, म्हणून. शाल, श्रीफळ, फोटो. पत्रिका छापून झाल्या होत्या.

"नेमिनाथराव, कागद घ्या," मी म्हणाले.

"पण मी होतो की तिथे."

"ते मला माहीत आहे. लिहा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सन्मतीच्या वहीतलं पान फाडलं आणि लिहायला बसले. मी सांगत गेले. मी, खाली सही करणार नेमिनाथ आदगोंडा चौगुले, लिहून देतो की माझा बॅज चुकून स्टँडवर राहिला. ही मात्रा माझ्या शरीराला मिळालेली नाही. यापुढे काळजी घेईन. सही केली तेवढ्यात रोहिणी बशा घेऊन बाहेर आली. मी कागद पर्समध्ये घातला आणि उप्पीट छान झालंय म्हणाले.

नोंदीत शेरा पडला, बॅज हाताळण्यात निष्काळजीपणा. रक्त कुणी तपासलं नाही. नेमिनाथराव पुढे सात वर्षं तेच काम करत राहिले. मग आजार निघाला, रक्ताचा. त्या एका मात्रेनेच झाला असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, मीही सांगत नाही. पण त्या दिवशी मी खरं लिहिलं असतं तर ते त्या दाण्यापासून लांब झाले असते आणि दर सहा महिन्यांनी त्यांचं रक्त कुणीतरी पाहिलं असतं. एवढं मी छातीठोक सांगते.

दवाखान्यात त्यांना थंडी वाजायची. रोहिणीने माझ्याकडे पांघरूण मागितलं आणि मी घाईत जे हाताला लागलं ते नेलं. सत्काराची शाल होती ती. पांघरल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांच्याही आलं असावं. रोहिणी औषधं आणायला खाली गेली तेव्हा ते म्हणाले, "अक्का, त्या पत्राचं रोहिणीला कळू देऊ नका. मी गेल्यावर तिला तुमच्याशिवाय कोण आहे."

मी मान हलवली. याला तेरा वर्षं झाली.

या तेरा वर्षांत रोहिणीने नवऱ्याला किती बोल लावले याला गणती नाही. त्यांच्या फोटोला हार घालायची आणि घालता घालता बोलायची. बॅज असा कुठेही टाकायची सवय, म्हणून कळलं नाही शरीरात काय चाललंय ते. चाळीस मुलांच्या वह्या मी नीट ठेवते, ह्यांना एक बॅज सांभाळता आला नाही. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, नीटनेटकेपणा हा तिचा धर्म. मी शेजारी बसून फुलं निवडत असायची. मूग गिळून बसणं काय असतं ते मला विचारा.

मे महिन्यात सन्मतीने मला संस्थेत नेलं. यंत्र फार मोठं नव्हतं, आपल्या घरातल्या फ्रिजएवढं. आत थंड, बाहेर पडद्यावर चकती दिसत होती, काळोखात उमललेले निळे ठिपके. पहिल्या कार्डावर पट्टीची कड सुरीने कापल्यासारखी. "हा बॅज खरंच राहिला होता," ती म्हणाली. दुसऱ्या कार्डावर कड अशी विरून गेली होती की शोधावी लागत होती. तिसऱ्यावर तसंच. चौथ्यावर तसंच.

चाळिसातल्या तेहतिसांना मायन्याचं पत्र होतं. त्यातली सत्तावीस माणसं बॅज लावून उभी होती.

"मावशी, गंमत बघ," सन्मती म्हणाली. गंमत कसली, तिचा चेहरा उतरला होता. "सगळ्यांची पत्रं शब्दाला शब्द सारखी आहेत. वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळी वर्षं. कुणीतरी सांगून लिहून घेतलंय."

"कंपनीवाले देत असतील," मी म्हणाले.

इतकं सहज म्हणाले की मला माझाच धक्का बसला. परतीच्या बसमध्ये सन्मती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी कराडपर्यंत सरळ बसून होते, ती जागी होईल म्हणून हललेसुद्धा नाही.

बातमी पसरली. जुनी माणसं, काहींच्या बायका, काहींची मुलं पुण्याला कागद घेऊन जाऊ लागली. एक जण माझ्या घरीही आला, आष्ट्याचा, हाताची दोन बोटं गेलेली. बाई, तुमच्यामुळे तेव्हा काम टिकलं माझं, असं म्हणत पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. त्याला चहा दिला आणि तो जाईपर्यंत एकदाही त्याच्या हाताकडे बघितलं नाही.

रोहिणी मात्र विचारत राहिली. "ह्यांचं कार्ड नव्हतं का गं डब्यात?"

"नव्हतं."

"बरंच झालं म्हणायचं. निष्काळजी होते ते दिसायला यंत्र कशाला पाहिजे." आणि मग थोड्या वेळाने, भाजी चिरता चिरता, "असतं तर बघितलं असतं. सत्तावीस जणांचं खोटं निघालं म्हणे. एखादे वेळी ह्यांचंही निघालं असतं."

त्या शब्दाने मी हलले. पण हलून काय केलं ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर देवघरातून कार्ड काढलं, स्वयंपाकघरात नेलं, सांडशीत धरलं आणि गॅस पेटवला. टेफ्लॉन वितळलं की संपलं, मग कुठलंही यंत्र येऊ दे. कोपरा ज्योतीवर धरला. पिवळा पडला, मग तपकिरी, घाण वास सुटला. मला नेमिनाथरावांचं "तुम्हीच सांगितलंय" आठवलं. मी गॅस बंद केला. कार्ड ओट्यावर ठेवलं, खिडकी उघडली आणि किती तरी वेळ वास जायची वाट बघत उभी राहिले.

आठवड्याने मी मिरजेला गेले. सन्मती सुट्टीवर आली होती. तिच्या हातात कार्ड दिलं.

"माळा झाडताना सापडलं. डब्यातून पडलं असणार."

तिने कार्डाचा नंबर बघितला आणि आईला हाक मारली. रोहिणी धावत आली आणि तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, प्रसाद घ्यावा तसं. मला वाटलं, झालं. यंत्र सांगेल बॅज छातीवर होता. निष्काळजीपणाचा डाग जाईल, रोहिणीला तिचा नवरा परत मिळेल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. माझा हिशेब असा होता. इतकी वर्षं मी दुसऱ्याला पुढे करूनच सगळं साधलं होतं, आता यंत्राला केलं.

निकाल आला. कड पुसट, अगदी पुसट. वाकून, वळून काम करणाऱ्या माणसाच्या अंगावरचा बॅज. मात्रा एकशे नव्वदच्या आसपास, म्हणजे माझा आकडाही बरोबर होता. सन्मतीने फोन केला तेव्हा मी रोहिणीच्याच घरी होते. रोहिणी फोन कानाला लावून ऐकत राहिली. मला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही.

"म्हणजे लावला होता," ती म्हणाली. "आणि नव्हता लावला असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं."

ती उठली, कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत त्या पत्राची झेरॉक्स होती, कंपनीने नेमिनाथराव गेल्यावर दिलेली. सन्मतीच्या वहीच्या चौकटी त्यातही दिसत होत्या.

"अक्षर ह्यांचंच आहे. 'काळजी'मधला ळ बघ, असाच काढायचे." तिने कागद माझ्यासमोर धरला. "मी निष्काळजी म्हणत होते, तेवढं तरी बरं होतं. माणूस विसरतो. पण हे तर खोटं बोलले. सरकारशी बोलले ते बोलले, माझ्याशी बोलले. त्या दिवसापासून मरेपर्यंत नऊ वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. एकदा सांगितलं नाही. कुणासाठी लपवलं, अक्का? कोण होतं असं?"

मी म्हणाले, "बघू. सन्मती आली की बोलू."

हे म्हणाले मी. आणि चपला घालून बाहेर पडले. बसस्टॉपवर उभी होते तर आपण कुठे जायला निघालोय हेच आठवेना. रोहिणीने त्या संध्याकाळी फोटोवरचा हार काढून ठेवला, असं मला नंतर कळलं.

दोन दिवसांनी सन्मतीचा फोन आला. एरवी तिचं बोलणं धबधबा. त्या दिवशी थांबून थांबून बोलली.

"मावशी, बाबांच्या कार्डाचा एक कोपरा जळलाय."

"जुनं आहे ते."

"जळलेला कोपरा बाजूलाच आहे, चकती वाचलीय. पण तिची त्या बाजूची कड तापली होती. ती जागा अगदी कोरी आहे. नुसतं पडून राहिलेलं कार्डसुद्धा भरत असतं गं. घराच्या भिंतीतून, आकाशातून थोडे किरण येतातच. बाकी चकतीवर बावीस वर्षांचे ते बारीक ठिपके आहेत. त्या कडेला एकही नाही. म्हणजे गेल्या महिना-दोन महिन्यांतच कुणीतरी तापवलंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आईला मी सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "रविवारी मी घरी आहे. तूही ये."

पोरगी माझ्या मांडीवर वाढली होती. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. तिने मला दार उघडं ठेवून दिलं होतं, आणि कुणीतरी आपल्यावर अशी दया करावी यासारखी शरमेची गोष्ट मी आजवर अनुभवली नाही.

रविवारी सकाळी दहाला पोचले. रोहिणी वाटाणे सोलत बसली होती. सन्मतीने माझ्याकडे बघितलं आणि मोबाइल बाजूला ठेवला. मी बसलेसुद्धा नाही. बसले असते तर पुन्हा बघू म्हणाले असते.

"रोहिणी, ते पत्र मी सांगितलं. त्यांनी नुसतं लिहिलं."

तिचा हात वाटाण्यावर थांबला.

"ते म्हणाले होते, बॅज छातीवर होता. दाणा अडकला होता, सोडवायला गेले होते. मी म्हणाले, लिहा. माझा सत्कार होता त्या महिन्यात. आकडा खरा ठरला असता तर झाला नसता. बाकीच्यांनाही मीच सांगायची, ती सगळी पत्रं माझीच. दवाखान्यात ते म्हणाले, रोहिणीला कळू देऊ नका, तिला तुमच्याशिवाय कोण आहे. माझ्यासाठी लपवलं त्यांनी. आणि कार्ड मी लपवलं होतं. जाळायलाही घेतलं होतं."

एका दमात बोलले. रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

"कुठे लिहिलं?" रोहिणीने विचारलं.

"इथेच. या खोलीत."

"मी कुठे होते?"

"आत होतीस. आमच्यासाठी उप्पीट करत होतीस."

तिने मांडीवरची परात खाली ठेवली. वाटाणे सांडले, ते तिने उचलले नाहीत. उठून आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेईल, आणि मी ते दार बघत उभी राहिले. सन्मतीने मला खुर्ची दिली नाही, आणि मी घेतलीही नाही.

रोहिणी परत आली ती एक वही आणि पेन घेऊन. टेबलावर माझ्यासमोर ठेवलं.

"बस. लिही. मी सांगते."

मी बसले. ती उभी राहिली, खिडकीकडे पाठ करून, हात मागे बांधून. पस्तीस वर्षं तिने मुलांना असंच शुद्धलेखन घातलं होतं. आवाजही तोच, ना राग ना काही, प्रत्येक शब्द सुटा.

"मी, खाली सही करणार पद्मावती मगदूम, लिहून देते की. लिहिलं? नेमिनाथ आदगोंडा चौगुले यांचा बॅज त्यांच्या छातीवर होता. पूर्णविराम. बॅज स्टँडवर राहिला हे वाक्य त्यांचं नाही, माझं आहे. ते त्यांच्याकडून मी लिहून घेतलं."

पेन चालत होतं. एकतीस वर्षं आकडे लिहिलेला हात, पण अक्षर वाकडं येत होतं. ती टेबलाजवळ येऊन माझ्या खांद्यावरून वाचू लागली. मग तिचं बोट कागदावर टेकलं.

"हे काय लिहिलंस?"

मी बघितलं. 'ते त्यांच्याकडून मी चुकून लिहून घेतलं,' असं लिहिलं होतं. तो शब्द तिने सांगितला नव्हता. मायन्यातला होता, हाताला पाठ असलेला, आणि हात आपला आपण लिहून गेला होता.

"चुकून मी म्हणाले का?"

"नाही."

"मग खोड ते."

मी खोडलं. एक रेघ मारली, तिने अजून बोट उचललं नव्हतं, म्हणून आणखी एक मारली.

"हं," रोहिणी म्हणाली आणि पुन्हा खिडकीशी जाऊन उभी राहिली. "आता बाकीच्या सत्तावीस जणांची नावं. सन्मती, तू वाच. ती लिहील."